गल्लीतल्या डॉल्बीपासून घरातल्या स्पीकरपर्यंत: खोक्यावरच्या आकड्याचा इतिहास

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पूर्ण मजकूर खाली देतोय. अडखळणं आणि मधला चहाचा ब्रेक काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. प्रश्न जवळपास एकच येतो, फक्त गाव बदलतं. हॉल दहा बाय बारा किंवा बारा बाय पंधरा, बजेट चाळीस-पन्नास हजार, होम थिएटर कुठलं घेऊ? मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते मॉडेल सहा महिन्यांत बाजारातून गायब होतं आणि प्रश्न परत तिथंच येतो. म्हणून आज वेगळ्या रस्त्यानं जाऊ. घरात आवाज आला कसा, त्याच्या खोक्यावर प्रत्येक काळात कुठला आकडा छापला गेला, आणि त्या आकड्यानं खरं काय मोजलं जात होतं, हे बघू. ते कळलं की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

डॉल्बी या शब्दाची गंमत

सुरुवात आपल्याच भागातल्या एका शब्दापासून. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर, कुठंही ‘डॉल्बी’ म्हणा. लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. मिरवणूक, छातीत बसणारा दणका, खिडक्यांची थरथर. गणपती जवळ आले की पोलीस ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ म्हणून बैठका घेतात. आपल्याकडं डॉल्बी म्हणजे गोंगाट.

आता ज्याचं हे नाव आहे त्या माणसाचं बघा. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. शिकत असतानाच अँपेक्स कंपनीत व्हिडिओ टेप रेकॉर्डरवर काम केलेला, नंतर केंब्रिजमधून पीएचडी झालेला. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं तो भारतात होता, युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून, चंदीगडला. तिथं त्यानं भारतीय संगीताची ध्वनिमुद्रणंही केली. टेपवर रेकॉर्डिंग केलं की मागं एक सततची ‘स्स्स’ अशी खरखर येते. ती कशी घालवायची हा विचार त्याच्या डोक्यात होता. १९६५ साली लंडनला त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली यंत्रणा डेका या रेकॉर्ड कंपनीनं वापरायला घेतली. ती यंत्रणा करायची काय? गोंगाट कमी करायची!

म्हणजे ज्यानं आयुष्यभर नको असलेला आवाज कमी करण्यावर काम केलं, त्याचं नाव आपण सगळ्यात मोठ्या आवाजाला दिलं. हे कसं झालं असावं? माझा अंदाज असा, की नव्वदच्या दशकात टॉकीजबाहेरच्या पाट्यांवर ‘डॉल्बी’ हा शब्द दिसायला लागला. आत गेल्यावर आवाज आधीपेक्षा दणकट होता. मग दणकट आवाज म्हणजे डॉल्बी हे समीकरण होऊन बसलं. नाव राहिलं, अर्थ उलटा झाला. आजच्या सगळ्या गोष्टीत हेच परत परत होताना दिसेल: चांगल्या आवाजासाठी शोध लागतो, आणि खोक्यावर छापला जातो तो मोठा आवाज.

जेव्हा खोलीच स्पीकर होती

थोडं मागं जाऊ. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, त्यांनीच आपलं जयसिंगपूर वसवलं आणि त्याला वडिलांचं, जयसिंगराव घाटगेंचं नाव दिलं. त्या नाट्यगृहात सुरुवातीला माईक नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता. नटानं पद म्हणायचं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. पोचवायचं काम छत, लाकूड आणि भिंतींचा आकार करायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये हे नाट्यगृह आगीत भस्मसात झालं तेव्हा कोल्हापूरकर का रडले, ते यावरून कळेल. इमारत तर गेलीच, पण तिच्याबरोबर आवाजाचं एक चालतं यंत्र गेलं.

यातून घ्यायचा पहिला धडा हा, की आवाज निम्मा यंत्राचा आणि निम्मा खोलीचा. हा धडा कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो, कारण खोली विकता येत नाही.

दुसरा धडा मिरजेत आहे. सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी तिथं एकोणिसाव्या शतकापासून आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, बायकांचा लहान, हे तुम्ही बघितलं असेल. स्वर खालचा असेल तर भोपळा आणि तारेची लांबी दोन्ही मोठी लागतात. म्हणजे खर्ज हवा असेल तर पोकळी मोठी हवी. स्पीकरच्या खोक्याचंही मूळ गणित याच जातीचं आहे. हा भोपळा डोक्यात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

कर्ण्यातून पडद्यावर

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीकडून आला आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीवर गेला. तेव्हा वीज नव्हती. गायकानं कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं आणि त्या जोरानं सुई मेणावर रेघ ओढायची. एका बाजूला साधारण तीन मिनिटं.

आपल्या भागातल्या दोन दिग्गजांनी या यंत्राकडं दोन वेगळ्या नजरांनी बघितलं. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी सुरुवातीच्या काळातही रेकॉर्ड केल्या आणि १९३०च्या दशकात, विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर, परत केल्या. १९३७ साली ते गेले, पण आजही त्यांचा आवाज मोबाइलवर ऐकता येतो. कोल्हापूर दरबारातले उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, पण त्यांची एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचतं ते शिष्यांमार्फत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर गेलाय. गुरूचा आवाज मात्र शेजारच्या गावातही ऐकायला मिळत नाही. मला हे बघून दरवेळी वाटतं, आवाज साठवणं आणि परत वाजवणं ही चैनीची गोष्ट नाही. काय उरणार आणि काय जाणार, हे त्यावर ठरतं.

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला. कागदाचा शंकू, मागं तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. शंभर वर्षं झाली, तुमच्या टीव्हीत, गाडीत आणि त्या ट्रॉलीवरच्या भिंतीतसुद्धा तीच कल्पना आहे. पाठोपाठ बोलपट आले. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’, आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, तो तर कोल्हापुरातच तयार झाला. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले बघायचे. म्हणजे मराठी माणसाच्या कानावर पडद्यावरचा मराठी संवाद पहिल्यांदा पडला, तो आपल्या जिल्ह्यात रेकॉर्ड झालेला.

एक, दोन की तीन?

१९३१ सालीच लंडनमध्ये ॲलन ब्लूमलाइन नावाचा ईएमआयचा तरुण अभियंता बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून, हे त्याला खटकलं. त्यातून त्यानं स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. तेव्हा त्याचं वय होतं २८. (माझ्याच वयाचा माणूस. मी या वयात बटणाचा रंग बदलायचं टिकीट क्लोज करतोय. असो.)

दोन वर्षांनी, १९३३ साली, बेल लॅब्सनं एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि तारेवरून त्याचा आवाज वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. तिथं समोर स्पीकर किती होते? तीन. डावा, मधला, उजवा. मोठ्या सभागृहात कडेला बसलेल्यालाही आवाज योग्य जागेवरून यायचा असेल तर मधला लागतो, हे तेव्हाच कळलं होतं.

मग आपल्या घरात दोनच का आले? उत्तर मजेशीर आहे. १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकडी बाजारात आली. तबकडीच्या खाचेला भिंती असतात दोन. एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. म्हणजे घरात दोन स्पीकर असणं हा कानाचा नियम नाही, तो खाचेचा नियम आहे. किती चॅनेल असावेत हे दरवेळी माध्यमानं ठरवलं आणि लोकांना वाटत राहिलं की विज्ञानानं ठरवलं.

लाकडी रेडिओची जादू आणि तिचं कारण

‘जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखा आवाज आता कुठं’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात, आणि आपण हसतो. पण त्यात तथ्य आहे.

१९५३ साली पुणे आकाशवाणी सुरू झाली. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ चाललं, एकूण ५६ गीतं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. बाबूजी जन्मानं कोल्हापूरचे. १९६३ साली सांगली केंद्र आलं. रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागायचा, म्हणून सगळ्यांच्या घरी रेडिओ नव्हता. ज्याच्याकडं असेल त्याच्या ओसरीवर आळी जमायची.

आता अभियंत्याच्या नजरेनं बघा. मध्यम लहरीवरून साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं काही येतच नाही. माणसाला ऐकू येतं वीस हजारांपर्यंत, म्हणजे वरचा मोठा तुकडा गायब. ॲम्प्लिफायर काही वॅटचा. चॅनेल एक. स्टिरिओ नाही, बेस बेताचा. तरीही आख्ख्या महाराष्ट्राला गीतरामायणाचा शब्द न् शब्द पाठ झाला. कसा? कारण व्यंजनं ओळखायला लागणारा बराच भाग साधारण एक ते चार हजार हर्ट्झमध्ये असतो, आणि तो भाग रेडिओ नीट वाजवायचा. लाकडी खोकं ऐसपैस होतं, कागदी शंकू हलका होता, थोड्याशा शक्तीत भरपूर आवाज निघायचा. हाच तो मिरजेचा भोपळा.

याच काळात, १९५४ साली, अमेरिकेत एडगर विलचर यानं खोकं लहान करून दाखवलं. आतली हवा बंद करून तिचाच स्प्रिंगसारखा वापर केला. लहान खोक्यातून खोल बेस निघाला, पण त्याची किंमत मोजावी लागली: तेवढ्याच आवाजाला ॲम्प्लिफायर जास्त ताकदीचा लागायला लागला. निसर्गाचा नियम असा, की लहान खोकं, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तीनपैकी दोनच मिळतात. पुढं ट्रान्झिस्टरनं वॅट स्वस्त केले, म्हणून ही तडजोड जगाला परवडली.

थोडक्यात, वॅटचा आकडा वाढला तो बऱ्याच अंशी खोकं लहान झाल्यामुळं. ती लहानपणाची भरपाई होती. दुकानात मात्र तीच भरपाई गुणवत्ता म्हणून विकली गेली.

पीएमपीओचा सुवर्णकाळ

ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी घडल्या. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, आणि टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली की पानाच्या टपरीवरही टेप वाजायला लागला. रेडिओ परवान्याची कटकटही याच दशकात संपली. मग १९९१ चं उदारीकरण. परदेशी कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली, आणि खोक्यावर अवतरला ‘पीएमपीओ’.

ज्यांचं बालपण दोन हजारच्या दशकात गेलं त्यांना आठवेल. तळहातावर मावणारे कॉम्प्युटरचे स्पीकर आणि त्यावर चमकत्या अक्षरांत ४०० वॅट, १००० वॅट पीएमपीओ. या आकड्याला कुठलं मान्य प्रमाणच नव्हतं. क्षणाच्या एखाद्या तुकड्यात, सगळं तापून बंद पडायच्या आधी, कागदावर किती शक्ती दाखवता येईल, असा काहीतरी तो हिशेब. अमेरिकेत असाच सावळागोंधळ साठ-सत्तरच्या दशकात झाला होता, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगानं १९७४ साली नियम केला, की वॅट सांगायचे तर सलग किती, किती विकृतीसह आणि कुठल्या कंप्रतेपासून कुठपर्यंत, हे सांगा. आपण तो आकडा तसाच गिळला.

याची तपासणी करायला डिग्री लागत नाही. सेटच्या मागं वीज किती खाते ते लिहिलेलं असतं. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर आत जाणारे वॅट झाले २४. भिंतीतून २४ वॅट घेणारं यंत्र सलग १००० वॅट बाहेर देऊ शकत नाही. आपल्याकडं उसाच्या काट्याबद्दल जितकी जागरूकता आहे त्याच्या निम्मी जरी या काट्याबद्दल असती, तर पीएमपीओ एका हंगामात संपला असता.

आता खरंच किती वॅट लागतात ते बघू. साध्या घरगुती स्पीकरवर ८७ डेसिबल असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर अंतरामुळं साधारण ८ कमी, ७९. घराच्या भिंती त्यातलं थोडं परत देतात. ७९ डेसिबल म्हणजे घरातल्या गप्पांपेक्षा बराच मोठा आवाज, आणि तो एका वॅटमध्ये. दहा वॅटला ८९. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे ५० वॅटचा आणि १०० वॅटचा फरक कानाला ‘थोडा मोठा’ एवढाच. उलट ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर चौपट वॅट घेतल्यासारखं आहे. पण ‘९० डेसिबल’ हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात कधी बघितलाय?

५.१ कुठून आलं

आता चॅनेलच्या आकड्याकडं. १९७५ चा ‘शोले’ ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला, नाणं फेकल्याचा आवाज थिएटरात फिरतो म्हणून लोक परत परत गेले. पण ते तंत्र महागडं होतं. डॉल्बीनं १९७०च्या दशकात साध्या फिल्मच्या दोन पट्ट्यांत गणितानं चार आवाज गुंडाळून बसवले: डावा, मधला, उजवा आणि मागचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नं ते जगभर नेलं. लक्षात घ्या, मधला स्पीकर आला. बेल लॅब्सचा १९३३ चा धडा सिनेमाला माहीत होता. संवाद पडद्यातून आले पाहिजेत, कडेच्या भिंतीतून नाही.

पुढं टॉमलिन्सन होल्मन या ध्वनितज्ज्ञानं १९८७ साली एका तांत्रिक समितीत ‘५.१’ ही संज्ञा मांडली. पाच पूर्ण आवाज, आणि ‘.१’ म्हणजे फक्त खालच्या गडगडाटापुरता छोटासा पट्टा. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं. दशकाच्या शेवटी डीव्हीडीबरोबर तेच घरात शिरलं.

पण आपल्या घरात डीव्हीडीच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं राज्य केलं ते व्हीसीडीनं. एका सिनेमाला दोन-तीन चकत्या, मध्यंतराला उठून बदलायच्या. आणि व्हीसीडीत आवाज असतो दोन चॅनेलचा! म्हणजे हजारो घरांत सहा स्पीकरचा सेट होता आणि त्याला खायला घातले जात होते दोन चॅनेल. मागच्या स्पीकरमधून पुढचंच परत वाजायचं, आणि आपण पाहुण्यांना ‘सराउंड आहे’ म्हणून सांगायचो. काही सेटमध्ये मागचे दोन स्पीकर तर शोकेसमध्ये पुढच्यांच्या शेजारीच ठेवलेले असायचे, वायर पुरत नाही म्हणून.

हाच प्रकार आज ॲटमॉसच्या नावानं चालू आहे. ॲटमॉस थिएटरात आलं २०१२ साली, डोक्यावरही स्पीकर असतात म्हणून पाऊस खरंच वरून पडतो. तंत्र उत्तम आहे. पण टीव्हीखालच्या एका पट्टीवर तो शब्द छापलेला असला, तर आधी विचारा: मी बघतो त्यातलं किती ॲटमॉसमध्ये येतं? यूट्यूबवरचं बहुतेक स्टिरिओ. बातम्या, मालिका स्टिरिओ. ओटीटीवर सिनेमागणिक आणि तुमच्या प्लॅनगणिक वेगळं. आधी खाणं बघा, मग ताट घ्या.

मग पन्नास हजारांचं काय करायचं

इतिहासातून हाती आलेले मुद्दे असे. शब्द कळणं सगळ्यात महत्त्वाचं. मधला स्पीकर संवादासाठी जन्मला. खोकं फार लहान असेल तर कुठंतरी तडजोड आहे. वॅट फसवे, डेसिबल खरे. आणि खोली हा निम्मा स्पीकर.

आमच्या घरात सिनेमा लागला की आई दर पाच मिनिटाला विचारते, ‘काय म्हणाला रे तो?’ मग आवाज वाढवायचा, तोवर गाणं येतं आणि भिंती हादरतात, मग कमी करायचा. तुमच्याकडंही हेच होत असणार. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून बसवलेले असतात, आणि मिश्रण केलेलं असतं थिएटरसाठी. वय वाढलं की वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात, म्हणजे नेमकी व्यंजनंच निसटतात. तेव्हा माझ्या मते होम थिएटरची पहिली परीक्षा ही, की सत्तरीतल्या माणसाला कमी आवाजात संवाद कळला पाहिजे. स्फोट सगळ्यांनाच ऐकू येतात.

म्हणून माझा क्रम असा.

एक. बघणारी माणसं दोन-तीन आणि समोरासमोर बसणारी असतील, तर दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि एक साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर. दोन्ही स्पीकर नीट लावले तर मधला आवाज आपोआप मध्यभागी उभा राहतो. ब्लूमलाइनची जादू ती हीच. गाणी ऐकणाऱ्या घराला हाच पर्याय सगळ्यात मानवतो. २०१६ च्या ‘सैराट’चं संगीत थेट लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलंय. ते दोन चांगल्या स्पीकरवर एकदा ऐका.

दोन. घर माणसांनी भरलेलं असेल, कोण खाली बसतंय, कोण दारात उभं आहे, तर समोर तीन स्पीकर आणि त्यांना चालवणारा एव्ही रिसिव्हर. मागचे आत्ता नकोत. पन्नासातले साधारण वीस रिसिव्हरला, बाकी जवळजवळ सगळे समोरच्या तिघांना. तिन्ही एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर माणूस डावीकडून उजवीकडं चालत गेला की आवाज बदलतो. सबवूफर पुढच्या दिवाळीला, मागचे स्पीकर त्याच्या पुढच्या दिवाळीला. रिसिव्हरचा फायदा हाच, घर टप्प्याटप्प्यानं बांधता येतं.

तीन. भाड्याचं घर, वायरी नकोत, तर साउंडबार. पण मधला चॅनेल स्वतंत्र असलेला घ्या. ज्याच्या जाहिरातीत फक्त एकूण वॅट लिहिलेत आणि बाकी काहीच नाही, तो सोडून द्या.

चार. सगळं एका खोक्यात, सहा स्पीकर, चमकते दिवे आणि चार आकडी वॅट, असा सेट त्याच पैशात मिळतो. पन्नास हजार सहा ठिकाणी वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला किती येतं, एवढा भागाकार दुकानातच करा. एका दुकानदारानं मला अशा सेटवर फक्त कार रेसचा डेमो दाखवला. मी मराठी सिनेमातला संवाद लावायला सांगितला, तर रिमोटच सापडेना.

तेव्हा ऐकायला जाताना स्वतःचा पेन ड्राइव्ह न्या. एक संवादाचा प्रसंग, मागं पाऊस किंवा गर्दी असलेला. आवाज कमी ठेवून ऐका. मग खुर्ची सोडून कडेला उभे राहा आणि परत ऐका. शब्द निसटले तर उठा.

खोली आणि भिंतीपलीकडचे

बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज भिंतीभिंतीत अडकून फुगतो. दहा फुटांना ५६. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर घुमघुम करतो आणि आपण म्हणतो ‘बेस लई भारी’. तो बेस सिनेमातला नसतो, आपल्या भिंतीतला असतो. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सरकवा, फरक ऐका. फरशी उघडी असेल तर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. हा खर्च पाचशे-हजाराचा आणि परिणाम पाच-दहा हजारांच्या स्पीकरइतका.

आणि शेवटचं. आपल्या जयसिंगपुरात नंबरच्या गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागलेली घरं. उंच स्वर भिंत अडवते, खालचा बेस आरपार जातो. तुमचा सिनेमा शेजाऱ्याच्या घरी फक्त धपधप म्हणून पोचतो: ना संवाद, ना गाणं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल आपण सगळे बोलतो, आणि बोललंच पाहिजे. गल्लीत आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात. पण तोच प्रश्न आपल्या हॉलमध्येही लागू आहे. रिसिव्हरमध्ये रात्रीसाठी ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. आई-वडिलांना संवाद कळतो, शेजारच्या काकूंची झोप मोडत नाही. मोठा आणि लहान आवाज असा हिशेबानं आवरणं, हे रे डॉल्बीच्या पहिल्या यंत्रणेचं मूळ तत्त्व होतं. तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ गल्लीत परत आणायचा असेल, तर सुरुवात त्या एका बटणापासून करता येईल.

पुढच्या भागात वायर, एचडीएमआय एआरसी आणि टीव्हीच्या सेटिंगमधल्या खाचाखोचा. तुमच्या खोलीची लांबी-रुंदी, बजेट आणि घरात किती माणसं एकत्र बसतात, हे तीन आकडे पाठवा. वॅट सांगू नका. भेटूच.